नावापुढचं गाव वाचा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तालुक्याच्या गावात एखाद्या माणसाला चार ओळी नीट वाचता येतात, असं एकदा कळलं की लोक त्याच्याकडे कागद घेऊन येऊ लागतात. सातबारा येतो, बँकेची नोटीस येते, वीजबिल येतं, लग्नपत्रिकेचा मजकूर येतो. मी कविता लिहितो हे आमच्या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. कागद वाचून सांगणारा म्हणून मात्र शहापूर-मुरबाडकडे माझी बऱ्यापैकी ओळख आहे. गेल्या काही वर्षांत या कागदांत एका नव्या कागदाची भर पडली आहे. तो म्हणजे कॉम्प्युटरच्या दुकानातलं कोटेशन.

हे कोटेशन वर्षातून दोनदा येतं. एकदा बारावीचे निकाल लागले की, आणि दुसऱ्यांदा भात विकून चार पैसे हातात आले की. पहिल्या वेळी ते इंजिनीअरिंगला किंवा ॲनिमेशनला जाणाऱ्या मुलाचं असतं. दुसऱ्या वेळी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांचं असतं, कारण लग्नसराईच्या आधी त्यांना एडिटिंगचं मशीन उभं करायचं असतं. रक्कम लाखाच्या घरात, कधी त्याच्याही वर. दोन-तीन एकरांवर भात काढणाऱ्या घरात एवढ्या रकमेला काय अर्थ असतो, ते मी सांगायला नको. कुठे आईची पाटली गहाण पडलेली असते, कुठे पतपेढीचं कर्ज असतं. आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "दोन्ही कागदांवर ग्राफिक्स कार्ड ४०७० लिहिलंय. एक लॅपटॉप आहे, एक डेस्कटॉप आहे. कार्ड तेच, तर मग काखेत मारून नेता येईल तो लॅपटॉपच बरा ना?"

या प्रश्नातला 'तेच' हा शब्द घरातला पैसा बुडवू शकतो. म्हणून आज त्याच्याविषयी बोलणार आहे.

आधी ग्राफिक्स कार्ड करतं काय, ते पाहू. कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. हलतं चित्र डोळ्यांना गुळगुळीत दिसायचं तर सेकंदाला साठ चित्रं काढावी लागतात. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपक्यांचा रंग ठरवायचा. फोर-के पडदा असेल तर ठिपके आणखी चौपट. हे काम कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरवर टाकणं म्हणजे गावातल्या एका हुशार माणसाला एकट्यानं सगळी आवणी करायला लावणं. तो हुशार आहे, पण हात दोनच. आवणीला रांगेनं वाकून एकाच वेळी रोप लावणारे हात लागतात. ग्राफिक्स कार्डात असे हजारो छोटे हात असतात. त्यांना कोअर म्हणतात. प्रत्येक हाताचं काम साधं, पण सगळे एकदम चालतात. एनव्हिडिया कंपनीनं १९९९ साली 'जिफोर्स २५६' बाजारात आणलं, तेव्हा या यंत्राला 'जीपीयू' हे नाव रूढ केलं. खेळांसाठी वाढलेलं हे तंत्र पुढे व्हिडिओ एडिटिंगला, इंजिनीअरिंगच्या आराखड्यांना आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला कामी आलं. पुण्याच्या सी-डॅकनं २०२० साली उभारलेला 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणकही याच कंपनीच्या जीपीयूंवर बांधला गेला.

आता नावाकडे येतो. माझ्या धंद्यातला, म्हणजे शायरीतला, एक दाखला देतो. उर्दूत 'जिगर' हे तखल्लुस घेतलेले एकाहून अधिक शायर झाले. एक जिगर मुरादाबादी, एक जिगर बरेलवी. तखल्लुस एकच, पण माणसं वेगळी, शायरी वेगळी. मुशायऱ्यात नुसतं 'जिगर' म्हटलं तर जाणकार लगेच विचारतो, कुठले? नावापुढचं गाव ऐकल्याशिवाय उत्तर मिळत नाही. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच आहे. कंपनीच्या कागदपत्रांत लॅपटॉपच्या कार्डाचं पूर्ण नाव 'जिफोर्स आरटीएक्स ४०७० लॅपटॉप जीपीयू' असं असतं. ते 'लॅपटॉप जीपीयू' म्हणजे त्याचं गाव. दुकानाच्या कोटेशनवर येईपर्यंत गाव गळून पडतं आणि नुसतं '४०७०' उरतं.

पूर्वी ही अडचण एवढी नव्हती. २०१६ च्या आधी लॅपटॉपच्या कार्डाच्या आकड्यामागे 'एम' हे अक्षर असायचं, उदाहरणार्थ '९८० एम'. पाहताक्षणी कळायचं की हा लहान भाऊ आहे. २०१६ मध्ये '१०' च्या मालिकेत दोन्हींमधलं अंतर खरोखरच बरंच कमी झालं आणि कंपनीनं 'एम' काढून टाकला. त्या वेळी ते रास्तही होतं. पुढच्या काळात अंतर पुन्हा वाढत गेलं, 'एम' मात्र परत आला नाही. २०१७ मध्ये पातळ लॅपटॉपांसाठी 'मॅक्स-क्यू' हा शब्द आला, २०२१ मध्ये '३०' च्या मालिकेपासून तोही नावातून जवळपास नाहीसा झाला. त्यावर तक्रारी झाल्या, तेव्हा कंपनीनं लॅपटॉप बनवणाऱ्यांना कार्डाचे वॉट जाहीर करायला सांगितलं. हा 'वॉट' शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे. एएमडी कंपनीच्या रेडिऑन कार्डांत लॅपटॉपच्या आकड्यामागे बहुधा 'एम' किंवा 'एस' लागतो, तेवढी सोय तिथे आहे.

तर ४०७०. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५८८८ कोअर आहेत, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८. डेस्कटॉपच्या कार्डाची स्वतःची मेमरी १२ जीबी, लॅपटॉपच्या कार्डाची ८ जीबी. मेमरीतून कोअरपर्यंत माहिती नेणारा रस्ता डेस्कटॉपमध्ये १९२ बिट रुंद, लॅपटॉपमध्ये १२८ बिट. त्यामुळे डेस्कटॉपमध्ये सेकंदाला सुमारे ५०० जीबी माहिती वाहते, लॅपटॉपमध्ये २५६. भातसा आणि तानसाच्या काठावर राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. धरण भरलेलं असून भागत नाही, जलवाहिनी केवढी आहे त्यावर पाणी पोचतं. (आणि ती कुणाच्या दिशेनं जाते त्यावरही, पण तो वेगळा विषय.)

वरच्या वर्गात तर अंतर आणखी मोठं होतं. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९७२८ कोअर आहेत. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६३८४. गंमत म्हणजे ९७२८ हा आकडा डेस्कटॉपच्या ४०८० चा आहे. म्हणजे लॅपटॉपवर ४०९० म्हणून विकलं जातं, त्याच्या आतली चिप डेस्कटॉपच्या ४०८० च्या जातीची आहे. २०२५ साली आलेल्या ५०९० मध्ये डेस्कटॉपला २१७६० कोअर आणि लॅपटॉपला १०४९६, निम्म्यापेक्षाही कमी. उलट ४०६० हे छोटं कार्ड पाहा. दोन्हीकडे ३०७२ कोअर, दोन्हीकडे ८ जीबी. इथे नाव आणि माल यांचा मेळ बऱ्यापैकी बसतो. ३०६० ची कथा याहून विचित्र. तिथे लॅपटॉपच्या कार्डात कोअर जास्त होते, ३८४०, आणि डेस्कटॉपमध्ये ३५८४. तरी एकंदरीत डेस्कटॉपचंच कार्ड पुढे राहिलं. त्याला मेमरी १२ जीबी होती, लॅपटॉपला ६, आणि डेस्कटॉपला वीजही भरपूर मिळत होती.

इथे आपण वॉटपाशी येतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे.

डेस्कटॉपचं ४०७० दोनशे वॉटपर्यंत वीज घेतं. ४०९० चारशे पन्नास, ५०९० पाचशे पंच्याहत्तर. आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर पाचशे ते साडेसातशे वॉटचा असतो, त्यावरून अंदाज करा. आता लॅपटॉपचा आकार डोळ्यांसमोर आणा. त्याच्या पोटात प्रोसेसर, कार्ड, बॅटरी, सगळं दोन बोटं जाडीत बसवलेलं. तिथे मिक्सर चालवता येत नाही. म्हणून लॅपटॉपच्या कार्डाची वीज बांधून दिलेली असते. ४०६० आणि ४०७० ला ३५ पासून ११५ वॉटपर्यंत, सर्वांत मोठ्यांनाही दीडशे-पावणेदोनशेच्या आसपास. '३५ पासून ११५ पर्यंत' हे शब्द पुन्हा ऐका. एकाच ४०६० नावाखाली एक लॅपटॉप ५०-६० वॉटवर चालतो, दुसरा ११५ वर. म्हणजे डेस्कटॉप राहिला बाजूला, दोन लॅपटॉपांतली तीच कार्डंसुद्धा सारखी नसतात. म्हशाच्या जत्रेत बैल घेताना कुणी मालक सांगेल त्या नावावर पैसे मोजत नाही. दात पाहतात, चालवून पाहतात, वशिंडावर हात फिरवतात. वॉट म्हणजे या बैलाचे दात.

वीज निम्मी मिळाली म्हणून काम मात्र निम्मं होत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर लॅपटॉपवर अन्याय होईल. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गानं वाढतो. त्यामुळे वेगाचा शेवटचा थोडासा हिस्सा सर्वांत महाग पडतो. घाट चढणाऱ्या एसटीसारखं. माळशेजला शेवटच्या वळणावर जास्तीचा वेग हवा असेल तर डिझेल भसाभसा जातं, सपाटीवर तीच गाडी थोडक्यात बरंच अंतर काटते. म्हणून ११५ वॉटचं लॅपटॉपचं ४०६० डेस्कटॉपच्या ४०६० च्या फार मागे राहत नाही. शंभर वॉटच्या पुढे त्याला आणखी वीज देऊनही फारसं काही वाढत नाही. लॅपटॉपच्या ४०९० वर आणि डेस्कटॉपच्या ४०९० वर मात्र फोर-के चं जड काम दिलं तर डेस्कटॉप दीडपटीहून पुढे जातो. नावात तो फरक कुठेच दिसत नाही.

जेवढे वॉट आत जातात तेवढ्यांची अखेर उष्णताच होते. ती बाहेर काढायला डेस्कटॉपच्या कार्डावर जाडजूड पत्र्यांचा हीटसिंक आणि दोन-तीन मोठे पंखे असतात. लॅपटॉपमध्ये तळहाताएवढे दोन पातळ पंखे. चिप ठरावीक तापमानाला पोचली, साधारण ८५-८७ अंशांच्या आसपास, की ती स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवते. आता हे यंत्र जिथे तपासलं जातं त्या खोलीत २०-२५ अंश असतात, एसी असतो. आमच्या मुरबाडला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि घरावर पत्रा असेल तर आत काय होत असेल ते पत्र्याखाली राहणाऱ्यालाच ठाऊक. खोली पंधरा अंशांनी तापली की आत जाणारी हवा पंधरा अंशांनी गरम जाते, आणि चिपही जवळपास तेवढीच वर सरकते. लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये. त्यात आमच्याकडच्या वीटभट्ट्यांची आणि रस्त्यांची धूळ. पंख्याच्या जाळीत ती बसली की लॅपटॉप वर्षभरात दमायला लागतो, आणि पोरगं म्हणतं, मशीन जुनं झालं. मशीन जुनं झालेलं नसतं, त्याचं नाक चोंदलेलं असतं. लॅपटॉप गोधडीवर किंवा गादीवर ठेवून एडिटिंग करू नये. मागची बाजू एखाद्या जाड वहीनं उचलून ठेवली तरी फरक पडतो. आणि वर्षातून एकदा तरी तो माहितगाराकडून उघडून साफ करून घ्यावा.

एवढं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, मग डेस्कटॉपच घ्यावा. थांबा. माझी भाची आसनगावहून लोकल पकडून कॉलेजला जाते. तिनं मला विचारलं, "मामू, डेस्कटॉप चांगला, पण तो सीएसएमटी लोकलमध्ये कुठल्या रॅकवर ठेवू?" तिचं बरोबर होतं. मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही, तिथली मुलं एसटीनं कल्याण गाठतात. ज्याला प्रॅक्टिकल कॉलेजात करायचं, सबमिशन हॉस्टेलवर पुरं करायचं आणि शनिवारी गावी यायचं, त्याला थोडं कमी ताकदीचं पण सोबत चालणारं यंत्रच खरं. शिवाय आमच्याकडचा पावसाळा. जून-जुलैत वारा सुटला, झाड तारांवर पडलं की किन्हवली-डोळखांबकडे किंवा टोकावडे-धसईकडे वीज कधी येईल ते सांगता येत नाही. लॅपटॉपला बॅटरी आहे, केलेलं काम तरी वाचतं.

पण त्या बॅटरीविषयीही गैरसमज नको. विमानातल्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी शंभर वॉट-अवरच्या आतच ठेवतात. कार्ड आणि प्रोसेसर मिळून दीडशे वॉट घेऊ लागले तर ती चाळीस मिनिटंही टिकणार नाही. म्हणून चार्जर काढला की लॅपटॉप स्वतःच कार्डाची वीज कापतो आणि कार्ड निम्म्याहून खाली येतं. बॅटरीवर हिशेब लिहावा, प्रोग्रॅम लिहावा, फाइल सेव्ह करावी. एडिटिंग चार्जर लावूनच. डेस्कटॉप घेणाऱ्याला यूपीएस लागणारच, तो खर्च पहिल्या दिवशीच कागदावर मांडावा. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीए चा यूपीएस म्हणजे ६०० वॉट नव्हेत, साधारण ३६० वॉट. दोनशे वॉटचं कार्ड, शंभरएक वॉटचा प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तो काठोकाठ भरतो. हजार व्हीए च्या वरचा घ्यावा. मॉनिटर, कीबोर्ड, चांगला एसएमपीएस हे सगळं धरूनच लॅपटॉपच्या किमतीशी तुलना करावी. तसं करूनही त्याच पैशात डेस्कटॉपची ताकद बहुधा जास्तच भरते, फक्त ती वाटते तेवढी जास्त नसते.

लग्नाच्या शूटिंगवाल्या पोरांना वेगळं सांगायचं आहे. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. ड्रोन आला, तीन-तीन कॅमेरे आले, स्टेजमागे एलईडी स्क्रीन आली, आणि हळदीतलं शूटिंग दुसऱ्या दिवशी त्या स्क्रीनवर दाखवायची मागणी आली. एडिटिंगमध्ये दोन कामं वेगळी असतात. तयार झालेला व्हिडिओ बाहेर काढणं, म्हणजे एक्स्पोर्ट, याला कार्डात एक खास वेगळा भाग असतो, आणि एका पिढीच्या लॅपटॉप-डेस्कटॉप कार्डांत तो एकाच जातीचा असतो. साधं कटिंग-जोडणी करून एक्स्पोर्ट करणाऱ्याला दोन्हींत फार फरक जाणवणार नाही. पण रंग सुधारणं, रात्रीच्या शूटिंगमधला दाणा घालवणं, स्लो मोशन, फोर-के वर इफेक्टचे थर चढवणं ही कामं कोअर आणि मेमरी खातात. ८ जीबी भरली की सॉफ्टवेअर सरळ सांगतं, जीपीयूची मेमरी संपली, आणि काम तिथेच अडतं. मेमरी पुरत नसेल तर वेगाचा काही उपयोग नाही. माझं मत असं, की ज्याचं एडिटिंग एका खोलीत बसून होतं, त्यानं डेस्कटॉप घ्यावा आणि कोअरच्या आधी मेमरी पाहावी. मांडवातच हायलाइट कापून द्यायचा ज्याचा धंदा आहे, त्याला लॅपटॉपशिवाय गत्यंतर नाही.

लॅपटॉप घेताना दुकानातच तपासणी करता येते. ज्या मॉडेलचं कोटेशन आहे, तेच यंत्र चालू करायला सांगा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडलं की त्यात सिस्टिम इन्फर्मेशन असतं. तिथे कार्डाचं पूर्ण नाव गावासकट दिसतं, मेमरी दिसते आणि कमाल वॉटही दिसतात. चार्जरवरचे वॉट वाचले तरी अंदाज येतो. तगड्या कार्डाच्या लॅपटॉपला लहानसा चार्जर दिलेला असेल तर समजावं. कोटेशनवर हे वॉट लिहून द्यायला सांगा. माझ्याकडे आलेल्या एका मुलानं असं विचारलं तेव्हा दुकानदार त्याला म्हणाला, "वॉट गिझरचे बघतात." त्या मुलानं दुसरं दुकान गाठलं, ते उत्तम केलं.

दुरुस्तीचं गणितही आधीच करावं. डेस्कटॉपचं कार्ड खाचेत बसवलेलं असतं. बिघडलं तर दोन स्क्रू काढून ते पिशवीत घालून कल्याणला किंवा लॅमिंग्टन रोडला नेता येतं, आणि चार वर्षांनी तेवढंच बदलून नवं बसवता येतं. लॅपटॉपमध्ये कार्डाची चिप मदरबोर्डवरच झाळलेली असते. ती गेली की बहुतेक वेळा अख्खा बोर्ड बदलायचा खर्च समोर येतो. म्हणून लॅपटॉप घेणाऱ्यानं वॉरंटी वाढवून घेण्यावर कंजुषी करू नये.

लॅमिंग्टन रोडचं नाव निघालं म्हणून जुन्या कार्डांविषयी दोन शब्द. सेकंडहँड बाजार हा डेस्कटॉपवाल्यांचा मोठा आधार आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचं खाणकाम थांबलं. तोवर रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डं तेव्हा बाजारात उतरली, त्यांतली काही अजून हातोहात फिरत आहेत. सगळीच वाईट असतात असं नाही, पण पंखे आणि आतली उष्णता ओढणारी पेस्ट बहुधा संपलेली असते. असं कार्ड घेताना ते दुकानातच मशीनला लावून अर्धा तास जड कामावर चालवायला सांगा, तापमान पाहा, पंख्याचा आवाज ऐका. दुकानदार नाही म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा आणि परतीची लोकल पकडा.